एका पाणवठ्याचे सोबती

पुण्याला शिकायला गेलेला पोरगा परत पाभर धरायला येत नाही, असे आमच्या पुरंदर तालुक्यातली जुनी माणसे म्हणत. ते खोटे नव्हते. दिवे घाट उतरून खाली गेलेली पोरे कुणी बँकेत चिकटली, कुणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, कुणी सरकारी कचेरीत. दिवाळीला आणि जत्रेला तेवढी गावाचे तोंड बघत. मी मात्र चार वर्षे पुण्यात काढून परत आलो आणि आजही वडिलांच्याच रानात आहे. येताना बरोबर काय आणले म्हणाल, तर नोकरीचा कागद नाही की पदवीचे भेंडोळे नाही. एक पत्र्याची ट्रंक, एक सायकल आणि एक मित्र. ट्रंक गंजली, सायकल भंगारात गेली. मित्र पन्नासावर वर्षे झाली तरी तसाच आहे. त्याच्याविषयी आणि आम्हाला ज्या चळवळीने एकत्र आणले तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे फार दिवस मनात होते. घरातल्या तरण्या पोरांनी जरूर वाचावे. मैत्री कशावर टिकते, हे आम्हाला त्या दिवसांनी शिकवले.

१९७१ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका कॉलेजात नाव घातले. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघे. तिसरा कोकणातला होता, तो वर्षभरात मुंबईला मामाकडे गेला. राहिलो आम्ही दोघे. हा नगर जिल्ह्यातल्या जामखेडकडचा. त्याचे वडील कोरडवाहू तुकड्यावर भागेना म्हणून गाव सोडून पुण्याला आले आणि भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हमाली करू लागले. क्विंटलचे पोते पाठीवर घ्यायचे आणि फळीवरून चढून गाडी भरायची. सात-आठ हमाल एका खोलीत राहत. तिथे पोराचा अभ्यास कसा व्हावा? म्हणून तो वसतिगृहात.

त्याचे नाव सांगत नाही, त्याला ते आवडायचे नाही. खोलीत येईल त्याला गणित शिकवी, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणू लागलो. तो मला पाटील म्हणे. आमच्या घराण्यात पाटीलकी कधी नव्हती. पण दोन बैल आणि एक विहीर असलेला माणूस त्याच्या लेखी पाटीलच!

मास्तरचे घर गावकुसाबाहेरचे. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर त्याच्या घरात बुद्धाची तसबीर लागली. पहिल्याच दिवशी त्याने मला सरळ विचारले, "पाटील, माठ मी भरून ठेवलाय. चालेल का?" खेड्यातून आलेल्या पोराला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. पण तो कुणी असा तोंडावर विचारलेला मी प्रथमच ऐकला. मी तांब्या बुडवला आणि प्यालो. त्यात शौर्य काही नव्हते. स्वारगेटपासून ट्रंक डोक्यावर घेऊन उन्हातून चालत आलो होतो, घशाला कोरड पडली होती.

पुढच्याच वर्षी दुष्काळाने गाठले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून पटायचा नाही. आमची विहीर पौषातच तळाला गेली. दोन बैलांतला एक कवडीमोलाने विकावा लागला. कधी कुणाच्या बांधावर मजुरीला न गेलेली माझी आई पाझर तलावाच्या कामावर गेली, खडी फोडू लागली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. कामावर मिळणारी सुकडी आई पदरात बांधून धाकट्या बहिणीसाठी आणायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या दिवसांतच बळ मिळाले. पुढे १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, ही गोष्ट आमच्या आयाबायांनी फोडलेल्या खडीतून वर आलेली आहे, हे विसरू नये.

पण दुष्काळाने आणखीही एक गोष्ट उघडी पाडली. पाणी मुबलक असते तेव्हा गावात पाणवठे किती आणि कुणाचे, हे कुणी मोजत नाही. ते आटले म्हणजे कळते. वस्तीचा आड कोरडा पडला की तिथल्या बायका गावविहिरीशी येत, पण काठावर चढत नसत. हंडा खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतणार.

पुण्यात त्या वेळी तरुणांमध्ये मोठी जाग होती. डॉ. कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६७ साली युवक क्रांती दल काढले होते. त्याला सगळे युक्रांदच म्हणत. राष्ट्र सेवा दलाची पोरे होती, समाजवादी होते, आंबेडकरी विचारांची पोरे होती. संध्याकाळी कुठे ना कुठे बैठक असायचीच. आणि नाना पेठेत डॉ. बाबा आढाव होते. आयुर्वेदाचे डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्या हमालांच्या पाठी-कंबरा तपासता तपासता त्यांच्या लक्षात आले, की हे दुखणे गोळीने जाणारे नाही. मग १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली. मास्तरचे वडील तिचे सभासद, म्हणून बाबांचे नाव आमच्या खोलीत आधीपासून होते. त्याच बाबांनी दुष्काळाच्या दिवसांत 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढली.

बैठकीत आम्हाला मागचा इतिहास कळला. पुण्याच्या गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा झाला. इतके होऊनही १९७२ साली विहिरी वेगळ्याच! कायदा दिल्लीत होता, पण विहिरीचा दोर गावाच्या हातात होता.

कामाची पद्धत साधी होती. गावात जायचे, आधी विचारायचे: पाणवठे किती, कोण कुठे भरतो, का भरतो? मग चावडीवर बसून बोलायचे. भांडण काढायचे नाही, पण प्रश्न सोडायचाही नाही. जमले तर सगळ्यांनी मिळून विहिरीवर जायचे आणि एकाच दोराने पाणी काढायचे. कुठे लोक समजूतदार निघत, कुठे गप्प राहत, कुठे पोरांना हुसकून लावत.

एका गावची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चावडीवर बोलणे झाले, सरपंचांनी मान डोलावली, आम्ही वस्तीतल्या बायांना घेऊन विहिरीवर गेलो. सगळ्यांनी पाणी भरले. एक म्हातारी तेवढी हंडा घेऊन लांबच उभी. मास्तरने तिला हाक मारली, "ये की आजी, आता कुणी काही म्हणत नाही." ती जागची हलली नाही. म्हणाली, "लेकरा, तुमी आज आला, उंद्या जाताल. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

परतीच्या एस.टी.त आम्ही सगळे खुशीत होतो, गाणी चालली होती. मास्तर तेवढा खिडकीबाहेर बघत बसला होता. पुण्यात उतरल्यावर म्हणाला, "पाटील, म्हातारीचं खरं आहे. पुढच्या रविवारी परत जायचं." आम्ही गेलो. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. बाकीची पोरे दुसऱ्या गावांना गेली, आम्ही दोघे त्याच गावाला जात राहिलो. भाषण नाही, घोषणा नाही. जायचे, विहिरीच्या काठावर बसायचे, कुणाचा पोहरा पडला तर काढून द्यायचा, चहा प्यायचा आणि परतायचे. आठव्या का नवव्या रविवारी म्हातारी काठावर चढली. हात थरथरत होते, पण पोहरा तिने स्वतः ओढला. वर आल्यावर त्या गढूळ पाण्याकडे बघून म्हणाली, "एवढ्यासाठी व्हय रं समदं?" आणि हसली.

चळवळ म्हणजे काय, हे मी त्या विहिरीवर शिकलो. एकदा जाणे सोपे असते. परत जाणे हे काम.

दुसऱ्याच्या गावात बोलून झाले, आता घर राहिले होते. १९७३ च्या मे महिन्यात मी मास्तरला घेऊन घरी आलो. आईला आधीच पत्राने कळवले होते. आई शाळेत गेलेली नव्हती, पण पत्र वाचून घेतल्यावर ती दोन दिवस बोलली नाही, असे बहिणीने मागाहून सांगितले. आम्ही अंगणात आलो तेव्हा आई तांब्या घेऊन बाहेर आली. पितळी तांब्या, पाहुण्याला द्यायचा तोच. मास्तरने तो हातात घेतला, वरून प्यायला मान वर केली. आई म्हणाली, "तोंड लावून पी. उन्हाचा आलायस, ठसका लागंल." तात्या, म्हणजे माझे वडील, जोत्यावर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवायला मात्र त्यांनी पान मास्तरशेजारी घेतले.

गाव गप्प बसणार नव्हते. उघड कुणी काही बोलले नाही, पण चौथ्या दिवशी आमचा सावडीचा गडी दारात आला. त्याच्याकडे एक बैल, आमच्याकडे एक. दोघांचे मिळून एक औत व्हायचे. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "तात्या, औंदा सावड जमणार न्हाई." कारण त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. शेतकऱ्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. दुष्काळाने आधीच कंबरडे मोडलेले. आता पाऊस पडला तरी पेरायचे कशाने?

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. रोहिण्या-मृगाचा ओलावा बघून सारे शिवार कामाला लागले आणि आमचा एकटा बैल गोठ्यात रवंथ करीत बसला. मी मास्तरला एक कार्ड टाकले होते. त्यात मदत मागितली नव्हती, फक्त खुशाली कळवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वसतिगृहातल्या चार पोरांना घेऊन दारात हजर. "बैल नाही तर आम्ही ओढतो," म्हणाला.

आणि खरोखरच त्यांनी पाभर ओढली! चार जण दोराला, तात्या रुमण्याला, मी चाड्यावर मूठ धरून. त्या पोरांतली दोन पुण्याच्या पेठांत वाढलेली. पायात बूट घालून ढेकळांतून चालायला लागली, दहा पावलांत बूट हातात आले. तासे अशी वाकडी, की नागमोडी म्हणावी तर नागाला राग यावा. बांधावर बघ्यांची गर्दी झाली. हसणारे हसले. अर्धा एकर होईपर्यंत आमचा सावडीचा गडीही बांधावर उभा राहून बघत होता. मग न बोलता घरी गेला आणि आपला बैल घेऊन आला. "बाजरीची अशी इटंबना मला बघवंना," एवढेच म्हणाला आणि त्याने जू मांडले.

त्या दुपारी आम्ही सगळे लिंबाखाली जेवलो. सावडीच्या गड्याने आपल्या घरून आणलेलेच पाणी प्याले. त्याला कुणी आग्रह केला नाही. चार वर्षांनी तो मास्तरच्या हातचा चहा प्याला, तेही कुणी आग्रह न करता. काही गोष्टींना चार वर्षे लागतात. बाजरी त्या साली सोळा आणे पिकली. तासे वाकडी असली म्हणून कणसांना काही कळत नाही.

पुढे आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९७५ च्या सुरुवातीला तात्यांना अर्धांगाचा झटका आला. शेवटचे वर्ष अर्ध्यात टाकून मी घरी आलो. परीक्षेला बसेन म्हणत होतो, ते राहिले ते राहिले. त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. चळवळीतल्या पुष्कळ पोरांना पकडले, त्यांत मास्तरही. त्याला येरवड्याच्या तुरुंगात ठेवले. भेटीला घरच्याच माणसाला जाऊ देत. मी महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला जायचो, हमालीच्या कामातून त्याच्या वडिलांना सोडवून येरवड्यापर्यंत पोचवायचो आणि बाहेर झाडाखाली बसायचो. म्हातारा बाहेर आला की विचारायचो, काय म्हणाला? ठरलेले उत्तर यायचे, "पेरणी झाली का इचारत हुता."

त्याच येरवड्यात १९३२ साली गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यातला पुणे करार झाला. मास्तर सुटल्यावर म्हणायचा, "कॉलेजात जे वाचायचं राहिलं ते आत वाचलं." निरनिराळ्या पक्षांची, एरवी एकमेकांची तोंडे न बघणारी माणसे आत एका पंगतीला जेवत. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. सगळे बाहेर आले आणि हळूहळू पांगले. युक्रांदमध्ये फाटे फुटले. कुणी राजकारणात गेले, कुणी प्राध्यापक झाले, कुणी खेड्यात जाऊन संस्था काढल्या, कुणी हे सारे विसरून गेले. संसार कुणाला चुकला आहे? मास्तर वडिलांच्या लोकांत गेला. हमालांच्या एका संघटनेत हिशेबाचे आणि कज्जे-खटल्यांचे काम बघू लागला. मी वाटाणा, घेवडा, पुढे अंजीर आणि सीताफळ करीत राहिलो.

आता खरी परीक्षा सांगतो. तो हमालांचा आणि मी शेतकऱ्यांचा. १९८० नंतरच्या एका साली मी वाटाण्याची गाडी घेऊन एका बाजारात गेलो आणि तिथे हमालांनी काम बंद ठेवलेले. दोन दिवस माल गाडीतच. हिरवागार वाटाणा माझ्या डोळ्यांदेखत पिवळा पडला. गाडीभाडेसुद्धा निघाले नाही. आणि त्या बंदच्या पत्रकाखाली सही कुणाची? मास्तरची!

मी तसाच त्याच्या घरी गेलो. चांगलेच वाजले. मी म्हणालो, "तुझ्या हमालांची दरवाढ माझ्या पट्टीतून जाते. शेतकऱ्याला कोण दरवाढ देतं?" तो म्हणाला, "ज्याच्या पाठीवर क्विंटल आहे, त्याने मुकाट वाकायचं काय? त्यांच्यातला निम्मा शेतकरीच आहे, कोरडवाहू सुटला म्हणून पाठ भाड्याने देतोय." मी चहा न घेता निघालो. चार महिने आमचे ना पत्र, ना भेट.

माझ्या बायकोला सख्खा भाऊ नाही. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला मास्तर आमच्याकडे यायचा आणि ती त्याला ओवाळायची. कुणी त्याला टोचले, तुम्ही बौद्ध आणि भाऊबीज कसली, तर म्हणायचा, "मी दिवाळी पाळत नाही. बहीण पाळतो." त्या साली भाऊबीजेला बायकोने सकाळीच पाट मांडला. मी काही बोललो नाही. तिन्हीसांजेपर्यंत पाट तसाच. दिवेलागणीला एस.टी.चा भोंगा वाजला आणि मास्तर अंगणात आला. ओवाळून झाले, ताटात ओवाळणी पडली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पाटील, तुझ्या वर्षाच्या सगळ्या पट्ट्या काढ."

त्या रात्री आम्ही कंदिलाशेजारी पट्ट्या मांडून बसलो. अडत, तोलाई, हमाली, वाराई, बारदान, गाडीभाडे. एकेक रकाना त्याने पेन्सिलीने वेगळा केला. तोवर पट्टीच्या शेवटी उरलेला आकडा तेवढा मी बघत असे. माझ्या पट्ट्यांत हमाली सगळ्यांत मोठी नव्हती, हे मला दिसले. बंदची खबर गावोगावच्या शेतकऱ्याला आधी पोचली पाहिजे, म्हणजे त्याने माल तोडलाच नसता, हे त्यालाही पटले आणि पुढे त्याने ते आपल्या संघटनेत मांडले. बाकीच्या मुद्द्यांवर आमचे आजही जमत नाही. भाव चढवायचा झाला तर आधी घामाचा की आधी पाठीचा, यावर आम्ही अजून भांडतो. पण पट्टी रकान्यारकान्याने वाचायची सवय मला त्या रात्री लागली. वाचकांतल्या शेतकरी बांधवांनी ती जरूर लावून घ्यावी.

कॉलेजात असताना आम्ही संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर बसायचो. तिथे सेवा दलातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. १९२९ च्या ऑक्टोबरात याच पायऱ्यांवर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्यासारखे पुढारी होते. त्यांच्याबरोबर पुण्यातले काही सवर्ण तरुणही उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा मार खाल्ला. त्यांत एक होता चोवीस वर्षांचा, एक बावीसचा. पहिले एस. एम. जोशी, दुसरे नानासाहेब गोरे. मंदिराचे दार त्या वेळी उघडले नाही, पण या दोघांची जोडी जमली ती कायमची.

पुढे दोघे समाजवादी चळवळीत एकत्र राहिले. १९५५ साली नानासाहेब गोव्याच्या सत्याग्रहात शिरले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडले. इकडे १९५६ पासून एसेम संयुक्त महाराष्ट्र समितीचा गाडा ओढत होते. १९५७ च्या निवडणुकीत पुण्याने नानासाहेबांना लोकसभेत आणि एसेमना विधानसभेत पाठवले. मग १९६४-६५ साली पक्षच फुटला. एसेम संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्ष, नानासाहेब प्रजा समाजवादी पक्षाचे अध्यक्ष! एका पायरीवर मार खाल्लेले दोन मित्र दोन पक्षांच्या डोक्यावर बसले. १९७१ साली पक्ष पुन्हा एक झाले, पण या दोघांची मैत्री पक्षासाठी थांबून राहिली नव्हती. १ एप्रिल १९८९ रोजी एसेम गेले, १ मे १९९३ रोजी नानासाहेब गेले. पुण्याने त्यांची नावे एका दमात घ्यायची सवय अजून सोडलेली नाही.

त्या भाऊबीजेच्या रात्री मास्तर झोपायला आडवा झाला तेव्हा मी म्हणालो, "तुझा पक्ष वेगळा, माझा वेगळा." तो म्हणाला, "पायरी एकच आहे ना? मग झोप."

आज आम्ही दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, माझे गुडघे गेले. त्याची मुलगी शिक्षिका आहे. मास्तर हे नाव शेवटी तिने खरे केले. माझा मुलगा ड्रीपवर अंजीर करतो आणि भाव मोबाईलवर बघतो. तुटक्या पाभरीची गोष्ट नातवंडांना सिनेमातली वाटते. २०२५ च्या डिसेंबरात, वयाच्या ९५ व्या वर्षी बाबा आढाव गेले, तेव्हा मास्तरचा फोन आला. बराच वेळ दोघेही बोललो नाही. मग त्याने विचारले, "गावात पाणी कसं आहे?"

पाणी आहे. घरोघरी नळ आहे. विहिरीवर आता कुणी हंडा घेऊन जात नाही. पण खरे सांगायचे तर, कित्येक गावांत पाणवठ्याचा प्रश्न माणसांनी सोडवला त्याहून जास्त नळाने झाकला. जिथे नळ जात नाही तिथे तो अजून दिसतो. आमच्या गावात जगताना पाणी एक झाले, पण मेल्यावर जाळायची जागा अजून दोन आहेत. एकीवर पत्र्याची शेड आहे, दुसरीवर पावसात चितेला ताडपत्री धरावी लागते.

गेल्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. एक गाव, एक स्मशानभूमी. कुणी विरोध केला नाही, कुणी हात वर केला नाही. पाणीपट्टीचा विषय लांबला आणि आमचा ठराव पुढच्या सभेवर गेला. काही तरण्या पोरांनी बाहेर पडताना माझ्या पाठीवर हात ठेवला, "आजोबा, चांगलं बोललात." मी त्यांना म्हणालो, "चांगलं बोललो ते राहू द्या. पुढच्या सभेला परत याल का?"

रात्री मास्तरला फोन करून सगळे सांगितले. तो म्हणाला, "पुढच्या सभेची तारीख कळव. मी तुमच्या गावचा मतदार नाही, आत बसू देणार नाहीत. पण बाहेर पारावर बसायला कुणाची ना आहे? आणि त्या सभेत नाही झालं, तर त्याच्या पुढच्या सभेला येऊ. आपल्याला काय, रविवारची सवय आहे."